फलाट दोनवरची पाणपोई

विधी पहिल्यांदा पिंप्राळ्याच्या घरी आली तेव्हा मोतीबाई ओट्यावर बसून मेथी निवडत होती. पोरगी धुळ्याहून एसटीनं आली होती. पाठीवर सॅक, हातात वही. "मी चंद्रकांताबाईंची नात," एवढं ती म्हणाली आणि मोतीबाईनं मेथी बाजूला सारून तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. हनुवटी भाभीचीच होती.

विधी पुण्यात इतिहासाचं शिक्षण घेत होती. जळगाव स्टेशनाच्या इतिहासाचं प्रदर्शन गावातली काही मंडळी भरवणार होती. स्टेशनाजवळच्या एका दालनात मोठे फलक लागणार होते आणि त्यांचा मजकूर लिहायचं काम तिच्याकडे आलं होतं. पहिली गाडी, साहेब लोक, कापसाच्या गाठी, सुरतेकडे गेलेली तापीकाठची लाइन, धुळ्याला चाळीसगावहून गेलेला फाटा, हे सगळं तिला जुन्या कागदांत सापडलं होतं. माणसं मात्र सापडत नव्हती. एका निवृत्त पार्सल क्लार्कनं तिला सांगितलं की फलाट दोनवर उन्हाळ्यात मारवाड्यांची पाणपोई असायची, तिथं मोतीबाई नावाची बाई होती, ती भेटली तर बघ. पाणपोई आपल्याच घरची होती हे विधीला माहीत होतं. आजीच्या बोलण्यात मोतीचं नावही यायचं. ती जिवंत आहे आणि रिक्षानं दहा मिनिटांवर राहते, हे मात्र माहीत नव्हतं.

"आजीला सांगितलं नाही मी. तिला चकित करायचंय," विधी म्हणाली.

मग मोतीबाई दोन तास बोलली. रेकॉर्डिंगसाठी मोबाइल दोघींच्या मधे पाटावर ठेवला होता. सून शीतल कामावरून आली, तीही दाराला टेकून ऐकत राहिली, कारण यातलं बरंचसं तिनंही कधी ऐकलं नव्हतं.

मोतीबाई चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पावरा आदिवासी पाड्यातली. लग्न झाल्यावर नवरा वना तिला घेऊन जळगावला आला. ठेकेदाराच्या टोळीत रुळाखालची खडी बदलायचं काम होतं. ती पंचवीस वर्षांची असताना लखीचंदशेठच्या घरच्या पाणपोईला माठ धुवायला, पाणी भरायला बाई हवी होती, म्हणून लागली. शेठच्या आईनं ती पाणपोई सुरू केली होती. तिचा धाकटा मुलगा मे महिन्यात गाडीतून उतरला आणि ऊन लागून फलाटावरच गेला. त्यानंतर तिनं नेम धरला, होळीपासून मृगापर्यंत या फलाटावर घरच्या सुनेनं आपल्या हातानं पाणी पाजायचं. सून म्हणजे शेठची बायको चंद्रकांता, मोतीबाईची भाभी. पाणी कसं गाळायचं ते भाभीनंच मोतीबाईला शिकवलं. कापड दुहेरी करायचं, हळू ओतायचं, गाळणावर उरलेलं पाणी फेकायचं नाही, जिथून आणलं तिथंच परत सोडायचं. त्यात जीव असतात.

दुसऱ्या उन्हाळ्यात भाभीला दिवस गेले होते. दुपारच्या दोन गाड्यांच्या मध्ये तिच्या पोटात कळ आली. मोतीबाईनं तिला पार्सल ऑफिसामागे नेलं, लुगड्याचा आडोसा धरला. मूल राहिलं नाही. भाभी उठून उभी राहिली ती थेट माठांकडेच निघाली, पण पाय चालेनात. तेव्हा ती म्हणाली, मोती, आजचा दिवस पाणी द्यायचं ओगराळं तू धर.

तो आजचा दिवस अठ्ठावीस वर्षं चालला. भाभी रोज यायची, खुर्चीवर बसायची, दुपारी दोघी एकाच डब्यात जेवायच्या. ओगराळं मोतीबाईच्या हातात असायचं. गाडी दोन मिनिटं थांबायची. खिडक्यांतून हात, बाटल्या, तांबे बाहेर यायचे आणि मोतीबाई चंबू भरून इंजिनाकडून गार्डाकडे पळत जायची. एकदा वैशाखात गाडी चार तास अडकून पडली. लेकुरवाळ्या बाया रडकुंडीला आल्या होत्या. त्या दिवशी खिडकीच्या गजावर आपटून तिच्या हातातल्या बांगड्या फुटल्या आणि एक काच मनगटात शिरली. तशाच हातानं तिनं शेवटच्या डब्यापर्यंत पाणी दिलं. तो वण तिनं विधीला दाखवला. विधीनं त्यावरून बोट फिरवलं.

जाताना विधीनं फोटो मागितला. मोतीबाईकडे एकच होता. तिकीट क्लार्कनं काढलेला, माठांमागे ती ओगराळं घेऊन, शेजारी डोक्यावर पदर घेतलेली भाभी. तिनं तो पेटीतून काढून दिला. भिंतीवर लावीन आणि परत आणून देईन, असं विधीनं कबूल केलं.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. मुलगा जगदीश शाळेच्या मुलांची रिक्षा चालवायचा, त्यानं त्या मुलांनाही सांगितलं की माझी आई स्टेशनाच्या इतिहासात आहे. मोतीबाई वरवर रागवायची. पण प्रदर्शनाच्या दिवशी ती सकाळीच आंघोळ करून, शीतलनं काढून दिलेलं हिरवं लुगडं नेसून तयार बसली.

दालनात गर्दी होती. इंजिनांचे फोटो ओलांडत ती तिघं पाणपोईच्या फलकासमोर आली. मोतीबाईला वाचता येत नव्हतं, पण फोटो बघता येत होता. फोटो तिचा नव्हता. या फोटोत माठांमागे भाभी उभी होती, ओगराळं भाभीच्या हातात होतं आणि एक फेटेवाला प्रवासी ओंजळीनं पाणी पीत होता.

शीतलनं वाचायला सुरुवात केली आणि तिचा आवाज हळूहळू खाली गेला. सासूच्या नेमाखातर चंद्रकांताबाईंनी एकोणतीस उन्हाळे या फलाटावर स्वतःच्या हातानं पाणी पाजलं. एका वैशाखात गाडी चार तास खोळंबली तेव्हा खिडकीच्या गजांवर त्यांच्या बांगड्या फुटल्या, हात रक्ताळला, तरी त्यांनी शेवटच्या डब्यापर्यंत पाणी दिलं. खाली लहान अक्षरांत होतं, माठ भरण्यासाठी काही स्थानिक महिलांची मदत होत असे.

"पुन्हा वाच," मोतीबाई म्हणाली. शीतलनं पुन्हा वाचलं.

विधी लगबगीनं आली. तिचा चेहरा ओशाळलेला होता. तिनं जे लिहिलं होतं ते असं नव्हतं, असं ती सांगू लागली. मजकूर छापायला देण्याआधी तिनं तो आजीला वाचून दाखवला होता. आजी म्हणाली की मोतीचं आता वय झालं, ती गोंधळते. ओगराळं माझ्याच हातात असायचं. बांगड्या माझ्या फुटल्या. आजीनं कपाटातून हा फोटोही काढून दिला. विधीपुढं आजीचा शब्द होता आणि फोटो होता.

जगदीश तिथंच बोलायला लागला असता, पण मोतीबाईनं त्याचा दंड धरला. ती फोटोकडे बघत होती. फोटोच्या कडेला, पुलाच्या जिन्याखाली सावलीत, गुडघे पोटाशी घेऊन कोणीतरी बसलेलं दिसत होतं. तोंड दिसत नव्हतं. मोतीबाईला ते बसणं ओळखू आलं.

घरी परतताना जगदीश रिक्षा चालवता चालवता बोलतच होता, मारवाड्यांनी नाव लाटलं, पेपरात द्यायला पाहिजे. मोतीबाई म्हणाली, "भाभी असं नही बोलाव. पोरनी लिखामा गडबड करी." भाभीनं असं म्हटलंच नसेल, पोरीनं चूक केली आणि आता आजीवर ढकलते आहे. भाभीला कळलं की ती स्वतः फलक बदलायला लावील. ही खात्री तिला होती, आणि ती मनाची समजूत नव्हती. वना गेला तेव्हा तेरा दिवस भाभी रोज घरी आली होती. जगदीशला टायफॉइड झाला तेव्हा दवाखान्यात भाभी बसली होती. लखीचंदशेठ वारल्यावर भाभी मुलाकडे, विधीच्या वडिलांकडे, प्रेमराजकडे धुळ्याला राहायला गेली आणि पाणपोई बंद झाली. त्याला आता बारा वर्षं झाली, तरी आठवड्यातून एकदा फोन होताच. मोतीबाईच्या आयुष्यात असं दुसरं माणूस नव्हतं.

दोन दिवसांनी ती एकटीच एसटीनं धुळ्याला निघाली. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. भाभीला काय सांगायचं ते ती वाटेत जुळवत होती. पोरीला रागावू नका, असंही सांगायचं तिनं ठरवलं होतं.

प्रेमराजचं घर आग्रा रोडच्या मागे एका कॉलनीत होतं. दार विधीनं उघडलं. ती दचकली, पण पटकन वाकून पाया पडली आणि आजीच्या खोलीत घेऊन गेली. भाभी पलंगावर पाय लांब करून बसली होती. गुडघ्यांना पट्टे होते. मोतीबाईला बघून तिचा चेहरा आधी उजळला, मग लगेच बदलला. तो बदल मोतीबाईनं बघितला आणि जुळवून आणलेलं सगळं तिच्या डोक्यातून निघून गेलं. पोरीची चूक नव्हती हे तिला कळून चुकलं.

विधी चहा करायला आत गेली. दोघी जरा वेळ एकमेकींच्या तब्येतीचं बोलल्या. मग भाभीच म्हणाली की फलकाचं तुझ्या कानावर आलं असेल.

"मी डोळाघाई देखनू," मोतीबाई म्हणाली. डोळ्यांनी पाहिलं.

भाभी बोलू लागली. आवाज खाली ठेवून, दाराकडे बघत. त्या दुसऱ्या उन्हाळ्यात जे झालं ते तिनं घरी कधी सांगितलंच नव्हतं. सासूला एवढंच कळलं की मूल राहिलं नाही. सून फलाटावर पाणी पाजायचं थांबली, हे कळलं नाही. कळलं असतं तर नेम मोडला असता, आणि पुढं घरात जे जे वाईट झालं असतं ते सगळं तिच्या माथी बसलं असतं. आधी वाटलं, अंगात बळ येईपर्यंत एक उन्हाळा निभावून नेऊ. मग दुसरा आला. सासू वारली तोवर समाजात नाव झालं होतं. लखीचंदशेठच्या घरची सून पाणी पाजते, असं लोक सांगायचे. एका वर्षी पर्युषणात तिचा सत्कार झाला, शाल मिळाली. प्रेमराजचं लग्न जमलं तेव्हा मुलीकडच्यांनी तेच आधी विचारलं, पाणपोईवाल्या चंद्रकांताबाईंचं घर का?

"आणि दुसरं म्हणजे," भाभी म्हणाली आणि थांबली. "तुझ्या हातचं आहे असं कळलं असतं, तर आमच्यातलं कोणी प्यायलं नसतं, मोती. ते दिवस तसे होते."

मोतीबाईच्या मनात तो फोटो आला होता. जिन्याखालची सावली आली होती.

दुपारी सुरतेकडची गाडी यायची वेळ झाली की भाभी खुर्चीवरून उठायची. म्हणायची, मोती, फार पळालीस, जा, जिन्याखाली जरा टेक. एवढी गाडी मी बघते. मोतीबाई नको नको म्हणायची, भाभी ऐकायची नाही. तापलेल्या फलाटावर, दिवसभर माणसं पाणी पाणी करत असताना, कोणीतरी आपल्याला बस म्हणतं, ही गोष्ट मोतीबाईनं किती जणींना सांगितली होती. वनाला सांगितली होती. विधीलाही सांगितली होती, मोबाइलसमोर. सुरतेच्या गाडीला भाभीच्या माहेरचे, सासरचे, समाजाचे लोक असायचे. फेटेवाला भाभीचा मामेसासरा होता. दिवाळीला तो पेढीवर यायचा, तेव्हा तिनं त्याला पाहिलं होतं. मग परवा फोटोत का ओळखलं नाही?

"सुरतनी गाडी येवाले व्हई की तू माले सावलीमा का बसाडे?" तिनं विचारलं.

चाळीस वर्षांत ती भाभीला तुम्हीच म्हणत आली होती. तोंडून तू कधी निघालं ते तिच्याही लक्षात आलं नाही. भाभीच्या आलं.

भाभीनं पदर डोळ्यांना लावला.

"मी समजनू, तुले मन्ही दया येस," मोतीबाई म्हणाली. "मी लोकेसले सांगत फिरनू."

"दयाही यायची," भाभी म्हणाली. "खोटं नाही बोलत. तेही होतं."

दारात विधी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. कपांवर साय धरली होती. भाभीनं तिला आत जायला सांगितलं, पण ती हलली नाही. मग भाभी घाईघाईनं नातीला सांगू लागली की फलकावर मोतीचं नाव घालून टाक, मदतीला मोतीबाई असायच्या, असं लिही, ठळक लिही. मोती, मग तर झालं? आता या वयात सगळंच खोटं होतं असं सांगितलं तर प्रेमराजला बाजारात तोंड दाखवता येणार नाही. मी तरी कुठल्या तोंडानं आमच्या जैन स्थानकात जाऊ? बाया माझ्या पाया पडतात तिथं.

"तुम्ही मला सांगितलंत मोतीबाई गोंधळतात," विधी म्हणाली.

"मग काय सांगणार होते तुला?" भाभी एकदम चिडून म्हणाली, आणि मग तिला रडू आलं.

मोतीबाईनं आपला फोटो मागितला. विधीनं तो वहीतून काढून आणला, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला. मोतीबाईनं तो कमरेच्या पिशवीत घातला आणि उठली. भाभीनं तिचा हात धरला. हात सोडवून घ्यायला फार जोर लागला नाही. चहा तसाच राहिला.

विधी तिला सोडायला रिक्षापर्यंत आली. ती सारखी माफी मागत होती. रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे, मी फलक बदलते, जसं तुम्ही सांगितलंत तसं लिहिते, असं म्हणाली. मग म्हणाली की आजी जेवण सोडील. तुम्हीच सांगा, काय करू?

मोतीबाईला त्या पोरीची कीव आली, पण तिचं ओझं घ्यायची ताकद आज तिच्यात नव्हती. "मी तुले बठ्ठं सांगेल शे. आते तू ठरव," ती म्हणाली. सगळं तर सांगून झालं होतं. मग ती रिक्षात बसली.

स्टँडवर एसटीला वेळ होता. ती बाकावर बसून राहिली. तिच्यावर आजवर अन्याय झाले नव्हते असं नाही. ठेकेदारानं केले, नातलगांनी केले, एकदा वनानंही केला होता. ते तिला कळले होते, झाले तेव्हाच कळले होते, ती भांडली होती, रडली होती आणि पुढं गेली होती. हे तसं नव्हतं. हे तिच्या आनंदाच्या आठवणींना लागलं होतं. एकाच डब्यातलं जेवण आठवलं तर लगेच मनात यायचं की डबा नेहमी कापडाच्या आडोशाला का उघडायचा? ऊन लागतं म्हणून, की कोणी बघेल म्हणून? दवाखान्यात भाभी बसली ती मायेनं, की मोतीनं तोंड उघडू नये म्हणून? याचं उत्तर भाभीनं दिलं असतं तरी आता खरं मानता आलं नसतं. ती जसजशी एकेक आठवण काढत गेली, तसतशी ती नासत गेली. शेवटी तिनं आठवायचंच बंद केलं आणि फलाटावर लागणाऱ्या गाड्यांच्या पाट्या बघत राहिली.

विधीनं ठरवलं. दोन आठवड्यांनी तिनं नवा मजकूर लिहून दिला, मोतीबाईचं नाव, गाव आणि ओगराळं घालून. प्रेमराजनं प्रदर्शनवाल्यांना फोन केला की आमच्या घरची बदनामी चालणार नाही. विधी म्हणाली, मग माझं नाव सगळ्याच फलकांवरून काढा. प्रदर्शनवाले सज्जन होते, त्यांना कोणाशीच वाद नको होता. त्यांनी पाणपोईचा फलक काढला आणि त्या जागी खानदेशातल्या रेल्वेलाइनींचा नकाशा लावला. जगदीश भाडं घेऊन तिकडे गेला होता, त्यानं येऊन सांगितलं. मोतीबाईनं विचारलं, भाभीचाही फोटो काढला का? काढला, तो म्हणाला. तिला बरं वाटेल असं त्याला वाटलं होतं, पण ती उठून आत गेली.

पेपरात द्यायचं त्यानं पुन्हा काढलं. मोतीबाईनं त्याला समजावलं. पाणी प्यायलेली माणसं गाडीत बसून निघून गेली, मद्रासला गेली, कलकत्त्याला गेली. साक्षीला कोण येणार? आणि छापून आलं, लोक हळहळले, तरी तिचं जे गेलं होतं ते परत येणारं नव्हतं.

भाभीचे फोन येत होते. ती उचलत नव्हती.

आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी घरात पुरणाची पोळी आणि आंब्याचा रस होता. जगदीशनं वनाच्या नावानं नवी घागर भरून ठेवली होती. दुपारी फोन वाजला. शीतलचे हात पिठाचे होते, जगदीश बाहेर होता, सणाच्या दिवशी वाजता फोन तसाच ठेवणं मोतीबाईला बरं वाटलं नाही. तिनं उचलला.

भाभी होती. आवाज खोल गेला होता. ती म्हणाली की विधी पुण्याला निघून गेली, फोनवरही बोलत नाही. प्रेमराज जेवायच्या वेळेपुरता खोलीत येतो. सून तर बघतच नाही. स्थानकात जाणं बंद झालं आहे. दिवसभर भिंतीकडे बघत पडून असते.

"मोती, तुझ्याशिवाय मी कोणाला सांगू?" ती म्हणाली.

मोतीबाई उभी होती ती खाली बसली. या महिन्याभरात तिला रोज वाटत होतं की कोणाशी तरी मन मोकळं करावं. जगदीशला नुसता राग यायचा. शीतल ऐकायची, पण तिनं ते दिवस पाहिले नव्हते. असं काही झालं की सांगायला तिला एकच माणूस ठाऊक होतं.

"मी बी कोनले सांगू, भाभी?" ती म्हणाली. "आजलोंग तर तुमलेच सांगत वनू."

पलीकडून रडण्याचा आवाज आला. मोतीबाईनं थोडा वेळ तो ऐकला, मग फोन बंद केला आणि पालथा ठेवला. शीतलनं ताट वाढल्याचं सांगितलं. ती हात धुवायला उठली. फोन पुन्हा वाजायला लागला, बराच वेळ वाजला, पण या वेळी तिनं तो उचलला नाही.